दोघांत उजवा कोण?

अमेरिकेत दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी मुख्यतः दोन उमेदवार उभे राहतात आणि त्यांच्यात उजवा कोण, हे ठरवायचे काम मतदारांवर येऊन पडते. येथे उजवा म्हणजे सरस. तिकडच्या दोन मोठ्या पक्षांपैकी एक मुळातच उजवा समजला जातो, त्यामुळे हा प्रश्न मराठीत विचारला तर मतदानाआधीच निकाल लागतो आणि दुसऱ्या पक्षावर अन्याय होतो. एवढी अडचण सोडली तर प्रश्न सरळ आहे. उत्तर काढण्याच्या पद्धती मात्र सरळ नाहीत.

कायद्याने पाहिले तर परीक्षा अगदी सोपी. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात उमेदवारासाठी तीनच अटी आहेत: तो जन्माने अमेरिकी नागरिक असावा, वय किमान ३५ असावे आणि देशात १४ वर्षे राहिलेला असावा. शिक्षण, अनुभव, वर्तणुकीचा दाखला यांचा उल्लेखही नाही. आपल्याकडे शिपायाच्या जागेसाठीसुद्धा दहावीची गुणपत्रिका आणि तिच्या साक्षांकित प्रती लागतात. तिकडे अण्वस्त्रांच्या किल्ल्या ज्याच्या हाती द्यायच्या, त्याच्याकडे कोणी साधी झेरॉक्स मागत नाही. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. त्यांनी पहिली उमेदवारी केली ती एका शिंप्याकडे आणि नंतरची राजकारणात. दोन्हींना मराठीत एकच शब्द आहे, हे बरेच झाले. हॅरी ट्रुमन यांच्याकडे पदवी नव्हती. कॅन्सस सिटीत त्यांनी भागीदारीत पुरुषांच्या कपड्यांचे दुकान काढले होते, तेही बुडाले. जन्माची अट तेवढी कडक आहे. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले, पण व्हाइट हाउसचे दार त्यांना कायमचे बंद आहे. तिथे शिरण्यासाठी आईवडिलांनी वेळेवर विमान पकडायला हवे होते.

इतक्या त्रोटक जाहिरातीवर माणूस कसा निवडायचा, हा पेच मतदारांनी आपल्या परीने सोडवला. घटनेने जी जागा मोकळी सोडली, ती त्यांनी स्वतःच्या अटींनी भरून काढली.

त्यांतली सर्वांत जुनी अट उंचीची. उंच उमेदवार जिंकतो, असा तिकडे दृढ समज आहे. सर्वांत उंच राष्ट्राध्यक्ष लिंकन, सहा फूट चार इंच. सर्वांत बुटके जेम्स मॅडिसन, पाच फूट चार इंच. घटनेच्या मसुद्यात सर्वांत मोठा वाटा याच मॅडिसनांचा, त्यामुळे तिच्यात उंचीची अट का नाही, याचे कारण फार लांब शोधायला नको. १९८८ मध्ये मायकेल डुकाकिस जाहीर वादसभेत सहा फूट दोन इंची थोरल्या बुशसमोर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या भाषणाच्या मेजामागची जमीन उंचवून घेण्यात आली होती. मेजासमोरून ती दिसत नव्हती, पण वर्तमानपत्रांतून सर्वांना ठाऊक झाली. ते हरले. मात्र १९७६ मध्ये बुटके कार्टर उंच फोर्डना हरवून गेले आणि धाकट्या बुशनी तर २००० मध्ये गोर आणि २००४ मध्ये केरी असे दोन उंच गडी लोळवले. नियमाला तरीही धक्का लागलेला नाही; नियम पाळणाऱ्यांचीच उदाहरणे लोक लक्षात ठेवतात.

दाढीमिशीचा इतिहास अधिक स्पष्ट आहे. ऑक्टोबर १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्ड गावच्या ग्रेस बेडेल या अकरा वर्षांच्या मुलीने लिंकनना पत्र लिहिले: तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी राखा, म्हणजे बरे दिसाल आणि बायका आपल्या नवऱ्यांना तुम्हाला मत द्यायला सांगतील. बायकांना तेव्हा मताधिकार नव्हता, पण मत कुठे तयार होते, हे या मुलीला नीट कळले होते. लिंकनांनी दाढी राखली. पुढची तीसेक वर्षे दाढीचा जोर राहिला आणि मग वारे फिरले. १९१३ मध्ये टॅफ्ट पायउतार झाले, त्यानंतर व्हाइट हाउसमध्ये मिशीवाला राष्ट्राध्यक्ष राहायला आलेला नाही. १९१६ मध्ये दाढीवाले ह्यूज पडले आणि १९४४ व १९४८ मध्ये मिशीवाले डूई दोनदा पडले. उमेदवारांनी यातून घ्यायचा तो धडा घेतला.

चेहऱ्यावरून निवड करण्याचा प्रयोग सर्वांत शुद्ध स्वरूपात झाला तो १९२० मध्ये. वॉरन हार्डिंग हे ओहायोतल्या मॅरियन गावच्या एका दैनिकाचे मालक आणि सिनेटर. भरदार देह, रुपेरी केस, काळ्याभोर भुवया, घनगंभीर आवाज. हॅरी डॉअर्टी नावाच्या त्यांच्या राजकीय हितचिंतकाने त्यांना प्रथम पाहिले तेव्हाच ‘हा राष्ट्राध्यक्ष म्हणून काय शोभेल’ असे त्याच्या मनात आले, अशी कथा सांगतात. शोभेल या क्रियापदावर जोर द्यायचा. शिकागोच्या पक्ष-अधिवेशनात मोठमोठे दावेदार एकमेकांना अडवून बसले आणि दहाव्या फेरीत हार्डिंगचे नाव पक्के झाले. प्रचारासाठी त्यांनी फार वणवण केली नाही. घराच्या ओसरीवर उभे राहिले आणि लोकच त्यांना बघायला गाड्या भरभरून आले. समोरचे उमेदवार जेम्स कॉक्स हेही ओहायोतले आणि तेही वृत्तपत्रमालक, त्यामुळे फरक करायला चेहराच काय तो उरला होता. हार्डिंगना ६० टक्के मते मिळाली.

पुढे व्हाइट हाउसमध्ये दारूबंदीच्या काळात व्हिस्कीचे पेले आणि पत्त्यांचे डाव रंगले. मित्रांना खाती मिळाली आणि त्यांतल्या काहींनी ती घरची समजून वापरली. टीपॉट डोम येथील सरकारी तेलसाठ्यांच्या लिलावाविना दिलेल्या भाडेपट्ट्यांत अंतर्गत खात्याचे मंत्री आल्बर्ट फॉल यांनी लाच खाल्ली आणि मंत्रिपदावर असताना केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात जाणारे ते अमेरिकेचे पहिले मंत्री ठरले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण ओहायोत ठाऊक नव्हती. ‘मी या पदाला लायक नाही, मी इथे यायलाच नको होते’ अशा अर्थाचे उद्गार हार्डिंगनी एका परिचिताजवळ काढल्याचे सांगतात. उमेदवाराच्या पात्रतेचा इतका अचूक अंदाज त्या निवडणुकीत दुसऱ्या कोणालाही आला नव्हता.

रूप झाले की खानदान. इथे मात्र अमेरिकी रीत आपल्याकडच्या स्थळ पाहण्याच्या बरोबर उलट आहे: घराणे जितके गरीब, तितके स्थळ चांगले. ही रीत १८४० मध्ये पडली. विल्यम हेन्री हॅरिसन हे म्हातारे सेनापती उभे होते. त्यांना हिणवण्यासाठी विरोधी वृत्तपत्राने लिहिले की या गृहस्थांना सफरचंदाच्या दारूचे एक पिंप आणि थोडे पेन्शन द्या, म्हणजे ते लाकडी ओंडक्यांच्या खोपटात सुखाने पडून राहतील. हॅरिसनच्या पक्षाने ही शिवी उचलून डोक्यावर घेतली. गावोगाव ओंडक्यांची खोपटी उभी राहिली, काही तर चाकांवर बसवून मिरवली, आणि पिंपे फुटली ती वेगळीच. समोरचे राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरन सोन्याच्या चमच्याने जेवतात, असा गवगवा काँग्रेसमधल्या एका लांबलचक भाषणातून करण्यात आला.

वस्तुस्थिती अशी की हॅरिसन व्हर्जिनियातल्या जमीनदारी वाड्यात जन्मले होते आणि त्यांच्या वडिलांची सही खुद्द स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आहे. व्हॅन ब्यूरन हे किंडरहूक गावच्या एका खानावळवाल्याचे पोर. म्हणजे खोपटातला वाड्यात आणि वाड्यातला खोपटात, असा सगळा उलटा पालटा हिशेब होता. पण मतदान ८० टक्क्यांच्या घरात झाले आणि हॅरिसन निवडून आले. आपण अडाणी खेडूत नाही हे दाखवण्याची संधी त्यांनी शपथविधीला साधली. ४ मार्च १८४१ च्या थंडीत, कोट आणि टोपी न घालता, पावणेदोन तास भाषण. त्यात प्राचीन रोमची उदाहरणे भरपूर होती. बरोबर एक महिन्याने ते वारले. भाषणाने वारले असे लोक म्हणत. अलीकडचे डॉक्टर व्हाइट हाउसच्या दूषित पाण्याकडे बोट दाखवतात. भाषण ऐकणाऱ्यांचे पुढे काय झाले, याची नोंद नाही.

गरिबी सिद्ध झाली, तरी उमेदवार आपल्यातला आहे की नाही, याची खातरजमा जेवताना होते. या परीक्षेचे मोठे केंद्र म्हणजे आयोवा राज्याची जत्रा. तिथे ऑगस्टच्या उन्हात लोण्याची अख्खी गाय कोरून ठेवलेली असते आणि काडीला टोचलेला डुकराच्या मांसाचा तुकडा हातात घेऊन उमेदवार हिंडत असतात. काडी हातात धरली की माणूस साधा ठरतो. मात्र घास घेताना तोंड किती उघडायचे, याचा सल्ला देणारी माणसे सोबत असतात, कारण छायाचित्रकार नेमक्या त्याच क्षणाची वाट पाहत उभे असतात.

या परीक्षेतला सर्वांत गाजलेला नापास विद्यार्थी म्हणजे जेरल्ड फोर्ड. एप्रिल १९७६ मध्ये ते टेक्सासातल्या सॅन अँटोनियोला अलामोच्या ऐतिहासिक वास्तूत गेले. तिथे त्यांना तमाले देण्यात आले. तमाले म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून, मक्याच्या कणसाच्या पातीत गुंडाळून उकडलेला पदार्थ. फोर्डनी तो हातात घेतला, कॅमेऱ्यांकडे पाहून हसले आणि पातीसकट कडकडून चावा घेतला. कोकणातल्या घरी नागपंचमीला पाहुण्याने पातोळी हळदीच्या पानासकट तोंडात घालावी आणि चघळत बसावे, तसा प्रसंग. घरची माणसे अशा वेळी पाहुण्याचे मन राखण्यासाठी नजर दुसरीकडे वळवतात. टेक्सासने वळवली नाही. आधी पक्षांतर्गत लढतीत टेक्सास रेगनकडे गेले आणि नोव्हेंबरात कार्टरकडे. फोर्ड मिशिगनचे, त्यांना पान सोलायचे असते हे कोणी सांगितलेच नव्हते; पण देशाचे परराष्ट्रधोरण चालवणाऱ्याला पान सोलता येत नाही, या मुद्द्याला उत्तर देणे अवघड होते.

२००३ च्या ऑगस्टमध्ये जॉन केरी फिलाडेल्फियातल्या एका नामांकित टपरीवर गेले आणि तिथल्या मांसाच्या सँडविचवर त्यांनी स्विस चीज मागितले. त्या गावात त्यावर पिवळे पातळ चीज ओतायची रीत आहे. केरींची मागणी कोल्हापुरात बसून तांबड्या रश्श्यात साखर मागण्यासारखी होती. केरी साहेबी आहेत, त्यांना सामान्यांचे काही कळत नाही, असे वर्षभर लिहून आले. आश्चर्य एवढेच की २००४ मध्ये केरी देश हरले, पण फिलाडेल्फिया ज्या पेनसिल्व्हेनिया राज्यात आहे, ते राज्य जिंकले. ज्यांच्या सँडविचचा अपमान झाला, त्यांनी तो मनावर घेतला नव्हता. तो लांबच्या लोकांनी घेतला.

खाण्यानंतर पिणे. दोघांपैकी कोणाबरोबर बसून बिअर प्यायला आवडेल, असा प्रश्न मतदारांना विचारण्याची पद्धत या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाली, आणि पात्रतेचा जणू हा शेवटचा शब्द, अशा थाटात तिची चर्चा होऊ लागली. त्या काळात धाकटे बुश या कसोटीवर सरस ठरत. बुश यांनी १९८६ मध्येच दारू सोडलेली होती. म्हणजे बिअर मतदाराने प्यायची आणि राष्ट्राध्यक्षाने समोर बसून बिल द्यायचे, अशी काहीतरी योजना असावी. २०२० मध्ये तर ट्रम्प आणि बायडन हे दोघेही दारूला न शिवणारे निघाले आणि प्रश्नच रद्द करावा लागला.

शितावरून भाताची परीक्षा, या तत्त्वाला शास्त्राचा आधार आहे. एक शीत बोटांनी दाबले की बाकीचा भात शिजला की नाही ते कळते. मात्र शीत त्याच पातेल्यातले असावे लागते. राष्ट्राध्यक्षाचे काम म्हणजे बंद खोलीत बसून, अपुऱ्या माहितीवर, दोन वाईट पर्यायांपैकी कमी वाईट निवडणे. ते शीत उमेदवाराच्या आयुष्यात आधी कुठे सापडेल सांगता येत नाही, म्हणून जे शीत हाती लागेल ते दाबून पाहिले जाते.

असे सर्वांत मोठे हाती लागलेले शीत म्हणजे दूरचित्रवाणीवरची वादसभा. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोच्या स्टुडिओत केनेडी आणि निक्सन समोरासमोर आले आणि सुमारे सात कोटी लोकांनी ते पाहिले. निक्सन गुडघ्याच्या दुखण्याने नुकतेच रुग्णालयातून उठलेले, वजन घटलेले, शर्टाची कॉलर सैल. सूट करड्या रंगाचा आणि मागचा पडदाही करडा, त्यामुळे पडद्यावर डोके आणि हात तेवढे तरंगत होते. नीट रंगभूषा त्यांनी नाकारली आणि दाढीचे खुंट लपवण्यासाठी नुसती भुकटी थापली, ती दिव्यांच्या उष्णतेने घामात ओघळली. केनेडी उन्हात रापलेले, तरतरीत. कार्यक्रम संपल्यावर निक्सनच्या आईने फोन करून मुलगा आजारी आहे का, अशी चौकशी केली म्हणतात. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले, ही गोष्ट तेव्हापासून प्रत्येक पुस्तकात असते. तिचा पुरावा तसा तोकडाच आहे, पण ती इतकी सोयीची आहे की कोणी सोडायला तयार नाही. खरी गंमत वेगळीच. त्या रात्री निकोप दिसलेले केनेडी ॲडिसनच्या विकाराने आणि पाठीच्या दुखण्याने जन्माचे रोगी होते, आणि आजारी दिसलेले निक्सन पुढे १९९४ पर्यंत जगले.

या धसक्याने पुढची सोळा वर्षे वादसभाच झाल्या नाहीत. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वॉलनट स्ट्रीट नाट्यगृहात त्या पुन्हा सुरू झाल्या आणि २३ सप्टेंबरच्या रात्री, कार्यक्रम संपत आलेला असताना, कार्टर बोलत असतानाच आवाज गेला. यंत्रातला एक क्षुल्लक भाग जळाला होता. चित्र मात्र चालू होते. विद्यमान राष्ट्राध्यक्ष आणि भावी राष्ट्राध्यक्ष आपापल्या मेजामागे उभे राहिले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. मागे बसायची सोय होती, पण बसले कोणीच नाही. एकमेकांकडे पाहिले नाही, चार शब्द बोलले नाहीत. अधूनमधून कपाळावरचा घाम टिपला, एवढीच हालचाल. वीस मिनिटे. दिवे गेलेल्या लग्नघरात दोन रुसलेले व्याही उभे असावेत, तसे ते सबंध २७ मिनिटे उभे होते, आणि कोट्यवधी लोक हे मूकनाट्य घरी बसून पाहत होते. बसावेसे दोघांनाही वाटत असणार, पण आधी कोण बसणार, अशा आशयाचे फोर्ड यांनी नंतर सांगितले; कार्टरना तर ती चित्रफीत पाहून लाज वाटली. पात्रता तपासायची असती, तर त्या २७ मिनिटांइतकी चांगली वेळ पुन्हा आली नाही. जो पुढे होऊन म्हणाला असता ‘चला, तोवर बसू या’, त्याला डोळे मिटून मत द्यायला हरकत नव्हती.

पुढच्या वादसभांतून काय लक्षात राहिले, याची यादी धोरणांची नाही. १९९२ मध्ये थोरल्या बुशनी घड्याळात पाहिले. २००० मध्ये गोरनी उसासे टाकले. २०२० मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाच्या वादसभेत माइक पेन्स यांच्या पांढऱ्या केसांवर एक माशी येऊन दोनेक मिनिटे बसली आणि त्या रात्री तिच्याइतकी प्रसिद्धी दोघांपैकी कोणालाही मिळाली नाही. एखाद्याने मात्र संकटाचे सोने केले. १९८४ मध्ये ७३ वर्षांच्या रेगनना वयाबद्दल विचारले, तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा आपण राजकीय फायदा उठवणार नाही, असे ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले. प्रतिस्पर्धी माँडेल ५६ वर्षांचे होते. तेही खळखळून हसले आणि ४९ राज्ये हरले. चाळीस वर्षांनी, २७ जून २०२४ रोजी, ८१ वर्षांच्या बायडनना असा विनोद सुचला नाही. साडेतीन आठवड्यांनी त्यांनी उमेदवारी मागे घेतली.

स्मरणशक्तीची परीक्षा एकदाच, पण कायमची झाली. नोव्हेंबर २०११ मध्ये टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांनी पक्षांतर्गत वादसभेत आपण निवडून आलो तर केंद्राची तीन खाती बंद करू, अशी घोषणा केली. वाणिज्य, शिक्षण आणि... तिसरे आठवेना. सूत्रधाराने संधी दिली, शेजारच्या उमेदवारांनी नावे सुचवली, पेरींनी कागद चाळले, शेवटी क्षमा मागितली. तिसरे खाते ऊर्जा होते. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी पेरींना मंत्री केले, ते नेमके ऊर्जाखात्याचे. निदान नाव तरी आता पाठ होईल, असा विचार असावा.

शिरोभूषणाचा नियमही याच वर्गात मोडतो. १९८८ मध्ये आपण सेनादलांचे नेतृत्व करू शकतो, हे दाखवण्यासाठी डुकाकिस मिशिगनमधल्या कारखान्यात एका रणगाड्यातून फेरी मारायला निघाले. डोक्यावर भलेमोठे शिरस्त्राण, त्यावर स्वतःचे नाव, आणि खाली प्रसन्न हसू. आजोबांचा फेटा डोक्यावर घालून मिरवणाऱ्या नातवासारखे ते दिसले. विरोधकांनी तीच दृश्ये आपल्या जाहिरातीत वापरली. डुकाकिस तरुणपणी रीतसर सैन्यात राहून आले होते, पण रणगाड्यापुढे सेवापुस्तकाचे काय चालणार? तेव्हापासून तिकडचे राजकारणी डोक्यावर काही घालायला घाबरतात. २०१३ मध्ये ओबामांना नौदल अकादमीच्या फुटबॉलपटूंनी शिरस्त्राण भेट दिले, तेव्हा राजकारणाचा पहिलाच धडा आहे असे म्हणून त्यांनी ते हातातच ठेवले. हा धडा महाराष्ट्रात शिकवला असता तर राजकारण बंद पडले असते. आपल्याकडे फेटा बांधून घेतल्याशिवाय पाहुण्याचे भाषणच सुरू होत नाही.

उमेदवाराबरोबर त्याचे घरही तपासले जाते. ‘फॅमिली सर्कल’ या मासिकाने १९९२ पासून दोन्ही उमेदवारांच्या पत्नींच्या बिस्किटांच्या पाककृती छापून वाचकांचा कौल घेतला. २०१६ पर्यंतच्या सातपैकी पाच वेळा जिची बिस्किटे जिंकली, तिचाच नवरा जिंकला. २०१६ मध्ये पत्नीच उमेदवार असल्याने बिस्किटांची पाककृती बिल क्लिंटन यांच्या वाट्याला आली. ती जिंकली आणि पत्नी हरल्या. पुढे मासिकच बंद पडले. २०१२ चे उमेदवार मिट रॉम्नी यांच्याबाबत चर्चा झाली ती कुत्र्याची. १९८३ मध्ये कुटुंबासह कॅनडाला जाताना त्यांनी कुत्र्याचा पिंजरा मोटारीच्या टपावर बांधला होता, आणि तो २०१२ पर्यंत खाली उतरला नाही.

एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा सरळ बायोडेटा का पाहू नये, असे सुज्ञ वाचकाला वाटेल. तेही करून झाले आहे. जेम्स ब्यूकॅनन यांच्याइतका भरगच्च बायोडेटा क्वचितच कोणाचा असेल: प्रतिनिधीगृह, सिनेट, रशियातले राजदूत, परराष्ट्रमंत्री, ब्रिटनमधले राजदूत. १८५७ मध्ये ते गादीवर बसले आणि चार वर्षांत सात राज्ये फुटून निघाली. त्यांना हे बेकायदा वाटत होते आणि ते थांबवणेही बेकायदा वाटत होते. त्यांच्यानंतर आलेल्या माणसाच्या नावावर देशपातळीवर प्रतिनिधीगृहातली दोन वर्षे आणि सिनेटच्या दोन अपयशी लढती, एवढेच होते. तो माणूस लिंकन. हर्बर्ट हूवर यांनी पहिल्या महायुद्धात उपाशी बेल्जियमला धान्य पुरवले, सात वर्षांहून अधिक काळ वाणिज्यमंत्री म्हणून नाव कमावले आणि मार्च १९२९ मध्ये सूत्रे घेतली. ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला.

परीक्षकांविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत, कारण सगळ्यांच्या निकालपत्राचे वजन सारखे नसते. राष्ट्राध्यक्ष ठरतो तो ५३८ निर्वाचकांच्या मतांनी, आणि बहुतेक राज्यांचा कल आधीच ठाऊक असल्यामुळे २०२४ मध्ये सारी धामधूम सात राज्यांपुरती होती. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाने रात्ररात्र वादसभा पाहून, दोन्ही जाहीरनामे वाचून मत दिले तरी राज्य जायचे तिकडेच जाते. उलट २००० मध्ये फ्लोरिडातल्या ५३७ मतांच्या फरकाने जगाचा इतिहास ठरला, आणि तिथल्या काही मतपत्रिकांवरची भोके अर्धवट पडल्यामुळे मतदाराच्या मनात नेमके काय होते, हे भिंगातून पाहावे लागले. देशभरात गोरना पाच लाखांवर मते जास्त होती. पण उजवे ठरले बुश.

सर्वांत ठाम परीक्षक मात्र पुण्याच्या बागेतल्या बाकावर सापडतो. निवृत्त, सकाळचे चालणे आटोपलेले, मुलगा शिकागोत. अमेरिकेत मत नाही, पेन्शन रुपयांत, तरी दोन्ही उमेदवारांची कुंडली तोंडपाठ. त्याचा निष्कर्ष दोन निकषांवर उभा असतो: व्हिसाचे काय होणार आणि भारताविषयी कोण काय बोलले. हे निकष हास्यास्पद वाटतील, पण निदान ते राष्ट्राध्यक्ष खुर्चीत बसून करणार असलेल्या कामाविषयी आहेत. सँडविचविषयी नाहीत.

शेवटचे परीक्षक इतिहासकार. त्यांचे काम वरातीमागून घोडे दामटण्याचे असल्यामुळे ते तरी चुकू नयेत. १९४८ मध्ये आर्थर श्लेसिंजर यांनी ५५ जाणकारांना राष्ट्राध्यक्षांची प्रतवारी लावायला सांगितली, आणि १९६२ मध्ये पुन्हा, अधिक जाणकारांना. दुसऱ्या यादीत आयझेनहॉवर बाविसावे आले. २०१७ मध्ये सी-स्पॅन वाहिनीने घेतलेल्या अशाच चाचणीत ते पाचवे होते. मधल्या काळात त्यांनी काहीही केले नव्हते. ते १९६९ मध्येच वारले होते. ब्यूकॅनन सी-स्पॅनच्या यादीत तळाशी घट्ट आहेत. श्लेसिंजरांच्या दोन्ही याद्यांत तळाला होते ते हार्डिंग.

त्या हार्डिंगच्या हातून माणूस पारखण्याचे एक काम मात्र चोख झाले. मिशीवाले विल्यम टॅफ्ट यांना राष्ट्राध्यक्ष व्हायचेच नव्हते. त्यांना सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश व्हायचे होते. व्हाइट हाउसची हौस होती ती त्यांच्या पत्नीला. १९१० मध्ये सरन्यायाधीशाची जागा रिकामी झाली, तेव्हा नेमणुकीचा अधिकार टॅफ्टकडेच होता, आणि राष्ट्राध्यक्षाला स्वतःची नेमणूक करता येत नाही. त्यांनी एडवर्ड व्हाइट यांच्या नावावर सही केली. १९१२ च्या निवडणुकीत टॅफ्टना दोनच राज्ये मिळाली. १९२१ मध्ये व्हाइट वारले आणि हार्डिंगनी ती जागा टॅफ्टना दिली. ते तिथे १९३० पर्यंत आनंदाने राहिले. एकेकाळी दीडशे किलोच्या घरात असलेले वजन बरेच उतरले, रोज न्यायालयात चालत जाऊ लागले, आणि आपण कधीकाळी राष्ट्राध्यक्ष होतो हे आता आठवतही नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले.